तीन पावलांचं जंगल

“पंचकाका, तोफ झाडांतून उडते का हो?”

मित्रांनो, हा प्रश्न एका मुलीला तिच्या मैत्रिणींनी पैज लावून विचारायला लावला. भर अंतिम डावात, खोलीभर माणसांसमोर! आणि ज्या तोफेबद्दल तो विचारला, ती तोफ म्हणजे मीच. तेव्हा आधी ओळख करून देते.

मी एक जुनी लाकडी तोफ आहे. घाबरू नका, माझी उंची तुमच्या अंगठ्याएवढीच आहे. आजवर माझ्या तोंडातून एकही गोळा सुटलेला नाही, आणि सुटला असता तरी तो मोहरीच्या दाण्याएवढाच असता. एका सुताराने मोडक्या खुर्चीच्या पायाचा तुकडा घासूनपुसून मला घडवलं. चाकं काही त्याला जमेनात. तेव्हा माझा मालक, एक लिफ्ट दुरुस्त करणारा तरुण, समोरच्या शिंप्याच्या दुकानात गेला आणि तिथे मशीनवर बसलेल्या मुलीकडे दोन बटणं मागितली.

“जोडीची नाहीत,” ती म्हणाली. “एक चार भोकांचं आहे, एक दोन भोकांचं. चालेल?”

“चालेल काय, पळेल!” तो म्हणाला.

तेव्हापासून मी डावीकडे किंचित कलून चालते. ती बटणं देणारी मुलगी पुढे त्याची बायको झाली. म्हणजे त्यांच्या लग्नाला तशी मीही थोडीफार कारणीभूत आहे, पण लग्नाच्या फोटोत मला कुणी घेतलं नाही.

आमचं मंडळ सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या वरच्या खोलीत भरतं. खालून पंक्चरच्या सोल्यूशनचा वास येतो आणि अधूनमधून कुणीतरी घंटी वाजवून बघतं. दोन जुनी दारं जोडून केलेलं एक लांबलचक टेबल आहे. एका दाराची कडी अजून तशीच आहे, आणि नवीन माणसाची बाही तिच्यात अडकली नाही असं कधी झालेलं नाही. त्या टेबलावर दर रविवारी दुपारी आमचा पट पसरतो. पटावर मधमाशांच्या पोळ्यासारखी सहाकोनी घरं आहेत. कुठे मैदान, कुठे नदी, कुठे जंगल, आणि वरच्या टोकाला एक टेकडी. शेवटच्या खेपेला टेकडी ज्याच्या हातात, तो जिंकला.

आमची चाल पावलांत मोजतात. मला एका खेपेला चार पावलं. मैदानाच्या घराला एक पाऊल लागतं, जंगलाच्या घराला तीन. पण घरात रस्ता काढलेला असेल, तर एकच पाऊल, मग रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जंगल असो की काही असो. नियम सोपा आहे ना? सोपे नियमच नंतर डोकं खातात, हे मी बावीस वर्षांत शिकले.

आमच्या पटावर दोन रस्ते आहेत, वरचा आणि खालचा. टेकडीकडे फक्त वरचा जातो. एके ठिकाणी हे दोन्ही रस्ते जंगलातून शेजारीशेजारी धावतात. एका घरात खालचा रस्ता, त्याला चिकटलेल्या घरात वरचा. पण एकातून दुसऱ्यात जायला वाट नाही. मध्ये नुसती झाडं. पट काढणाऱ्याने तिथे हिरवी शाई जरा जास्तच खर्च केली आहे.

बावीस वर्षांपूर्वीच्या अंतिम डावात माझ्या मालकाने मला उचललं. खालच्या रस्त्यावर एक पाऊल. मग झाडांवरून थेट वरच्या रस्त्याच्या घरात, एक पाऊल. मग वरच्या रस्त्याने एक, आणि चौथ्या पावलाला टेकडी! खोलीत असा गलका झाला की खालचा सायकलवाला पाना हातात घेऊनच वर आला. समोर हरलेला खेळाडू पोस्टमन होता. त्याने पटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने हात पुढे केला.

मला मग भिंतीतल्या फळीवर, काचेच्या उलट्या बरणीखाली ठेवण्यात आलं. वर चिठ्ठी, “हीच ती तोफ.” सुरुवातीला खूप छान वाटलं. येणारे-जाणारे वाकून बघायचे. मालकाला सगळे ‘तोफवाले’ म्हणू लागले, आणि तोफवाल्याने त्या दिवसानंतर पटाला हात लावला नाही. “जिंकलेल्या माणसाला थांबता आलं पाहिजे,” असं तो म्हणायचा. तो दर रविवारी यायचा, खिडकीत बसायचा, चहा प्यायचा आणि नवीन माणसाला ती चाल सांगायचा.

माझ्या जागी पटावर बाटलीचं बूच आलं. बूच, मित्रांनो! त्यात एक काडी खोचली की झाली म्हणे तोफ. काचेतून मी त्या बुचाला बावीस वर्षं चाललेलं पाहिलं. माझं लाकूड सुकलं, एक चाक ढिलं झालं, चिठ्ठीवरची शाई उडाली. कौतुकाने पोट भरतं, पण पाय आखडतात, हे तेव्हा कळलं.

आणि एक गोष्ट मला आतून टोचत होती. मी त्या दिवशी रस्त्याने गेलेच नव्हते. मी झाडांवरून गेले होते. त्या झाडांवर मालकाची बोटं एक श्वासभर थांबली होती, तेही मला ठाऊक होतं. आणखी कुणालाच नाही.

मग कुणी विचारलं कसं नाही, असं तुम्हाला वाटेल. त्याचं कारण भिंतीवर टांगलेलं आहे. फार पूर्वी मंडळात हरायला लागलेला प्रत्येक जण नियमावरून वाद उकरून काढायचा. एक डाव तीन रविवार चालला, आणि दोन साडू त्यानंतर एकमेकांशी बोलेनासे झाले. तेव्हा जुन्या मंडळींनी एक पाटी रंगवून घेतली:

“प्रश्न ज्याचा, तोटा त्याचा. डाव संपला, प्रश्न संपला.”

म्हणजे ज्याला उत्तराचा फायदा होईल, त्याने नियमाबद्दल विचारायचंच नाही. ज्याचं नुकसान होईल, त्यानेच विचारायचं, आणि तेही डाव चालू असताना. मंडळातली भांडणं एका दिवसात थांबली. प्रश्नही थांबले. स्वतःच्या पायावर धोंडा कोण पाडून घेणार?

तोफवाल्याला एक मुलगी आहे. ती पहिल्यांदा आली तेव्हा बापाच्या जाकिटामागे अशी उभी राहायची की सगळे तिला ‘सावली’ म्हणायचे. तीन वर्षं तिने तोंड उघडलं नाही. एका रविवारी बेकरीवाल्या मावशी आपली घोडेस्वारांची तुकडी पुढे सरकवत होत्या. बेकरीवाल्या मावशी म्हणजे आमच्या मंडळातल्या सगळ्यात कसलेल्या खेळाडू. पहाटे भट्टी पेटवतात आणि दुपारी समोरच्याला भाजतात. तेवढ्यात जाकिटामागून आवाज आला, “मावशी, सहा झाली. घोड्यांना पाचच असतात.”

मावशींनी मोजलं. सहाच होती.

“अगं, तोंडात पिपाणी लपवून ठेवली होतीस होय!” मावशी म्हणाल्या.

त्या दिवशी सावली संपली आणि पिपाणी सुरू झाली. आता नववीत आहे, आणि ती जिना चढायला लागली की आवाज आधी वर पोचतो, ती मागून. वर्षभरात तिने चौघांना हरवलं आणि अंतिम डावात पोचली. नियमाप्रमाणे अंतिम डावाला आपल्या सोंगट्या निवडता येतात. पिपाणी सरळ फळीपाशी आली आणि तिने बरणी उचलली. काय वारा लागला म्हणून सांगू! बावीस वर्षांनी!

“बूच नको,” ती म्हणाली. “मला ही पाहिजे.”

अंतिम डावाच्या आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर ती दोन मैत्रिणींना मला दाखवायला घेऊन आली. एक चष्मेवाली, एक लांब वेणीवाली. पिपाणीने बापाची चाल अगदी हातवारे करून सांगितली. चष्मेवालीने पटावर नाक टेकवलं.

“पण मध्ये तर झाडं आहेत,” ती म्हणाली.

“घरात रस्ता आहे ना, म्हणून एक पाऊल.”

“रस्ता पलीकडे आहे गं. इथून तिथे जायचं कसं? तोफ झाडांतून उडते का?”

पिपाणी हसायला लागली आणि हसता हसता थांबली. तिने बोट दोन घरांच्या मधल्या रेघेवर ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं.

“हे तुमच्या त्या पंचकाकांना विचार,” वेणीवाली म्हणाली. “सगळ्यांसमोर. आहे हिंमत?”

“आहे!”

“नाही विचारलंस तर आठवडाभर आमची दप्तरं तू वाहायची.”

“लागली पैज!” आणि मग पिपाणीचं लक्ष भिंतीवरच्या पाटीकडे गेलं. तिने ती दोघींना वाचून दाखवली.

“म्हणजे तू हरायला लागलीस की विचारायचं?” चष्मेवाली म्हणाली.

“उलटं गं,” पिपाणी हळूच म्हणाली. “जिंकायला लागले की.”

रविवारी खोली गच्च भरली. खिडकीत तोफवाला बसला होता, आज इस्त्रीचा शर्ट घालून. मैत्रिणी टेबलाच्या टोकाशी होत्या, आणि वेणीवालीची बाही अर्थातच कडीत अडकली होती. पंचाच्या खुर्चीत होता तोच जुना पोस्टमन. आता तो निवृत्त झालाय, सगळे त्याला पंचकाका म्हणतात. समोर बेकरीवाल्या मावशी.

मावशींना ती जुनी चाल पाठ होती. त्यांनी वरच्या रस्त्यावर राखणदार उभे करून ठेवले होते. पण पिपाणीने दोन खेपा आपले घोडे मैदानात असे नाचवले की राखणदार त्यांच्यामागे धावले, आणि मावशींनी कपाळावर हात मारला तोवर शेवटची खेप आली होती. टेकडी मावशींच्या ताब्यात होती, पण वरचा रस्ता उघडा. मी खालच्या रस्त्यावर. चार पावलं.

“बघा, बघा!” तोफवाला खुर्चीतून अर्धा उठला. “बापावर गेलीये!”

पिपाणीने मला उचललं. खालच्या रस्त्यावर एक पाऊल. मग मला झाडांवर धरलं, आणि तिची बोटं थांबली. मित्रांनो, अगदी तशीच थांबली. तीच जागा, तोच श्वास. मी मनात म्हटलं, आता पुढे जाऊन ठेवणार. पण या वेळी वरून आवाज आला.

“पंचकाका, तोफ झाडांतून उडते का हो?”

मावशींनी पटावरून मान वर केली.

“हा नियमाचा प्रश्न आहे का?” पंचकाकांनी चष्मा सारखा केला. “पाटी वाचलीस ना?”

“वाचली.”

“उत्तर तुझ्याच अंगावर येईल, पोरी.”

“येऊ दे.”

“अगं, खेळ की!” तोफवाला ओरडला. “काय खुळ्यासारखं! घरात रस्ता आहे म्हणजे आहे. आत कुठल्या बाजूने शिरायचं, हे नियमात कुठे लिहिलंय?”

पंचकाकांनी नियमांची नऊ पानी वही उघडली. “रस्ता असलेल्या घराला एक पाऊल,” त्यांनी वाचलं. “तुझे बाबा म्हणतात ते खरं आहे. बाजूबद्दल नियम गप्प आहे. मग गप्प नियमाचं काय करायचं? तूच सांग.”

मला वाटलं, आता ही पुन्हा सावली होते की काय. पिपाणीचे कान लाल झाले. पण तिने पटावर नदीकडे बोट दाखवलं.

“बाबा, या घरात पूल आहे. आपण नेहमी पुलाच्या तोंडानेच आत शिरतो. नदीच्या मधून उडी मारून पुलावर चढलेली तोफ कुणी पाहिलीये?”

“कशी चढेल? बुडेल ना!”

“हो ना! पण तेसुद्धा कुठे लिहिलेलं नाहीये. आपणच समजून घेतो. मग पुलाला एक न्याय आणि रस्त्याला दुसरा का?”

तोफवाला पुन्हा खुर्चीत बसला. पंचकाका मात्र हसले.

“तीस वर्षं मी पत्रं वाटली,” ते म्हणाले. “दोन गल्ल्या पाठीला पाठ लावून असतात. या घरची मागची भिंत, तीच त्या घरची मागची भिंत. पण पत्र द्यायला कोपऱ्यापर्यंत जाऊन वळावं लागतं. भिंतीवरून उडी मारली, तर ती गल्लीतून गेल्याची चाल होत नाही. ती भिंत चढल्याची चाल होते, आणि वर कुत्रं मागे लागतं.” मग त्यांनी वही मिटली. “रेघ रस्त्याने ओलांडली तर एक पाऊल. झाडांतून ओलांडली तर जंगलाची तीन.”

“एक मिनिट,” बेकरीवाल्या मावशी म्हणाल्या. “तीन भरून ती एकदा वरच्या रस्त्यावर पोचली, की पुढच्या खेपेला रस्त्याने एकेकच ना?”

“एकेकच.”

“मग ठीक. नाहीतर बिचारी जन्मभर झाडांतच राहायची.”

एक आणि तीन, चार. माझी पावलं संपली. पिपाणीने मला वरच्या रस्त्याच्या घरात, झाडांमध्येच ठेवलं, टेकडीपासून दोन घरं अलीकडे, आणि हात मागे घेतला. शेवटची खेप संपली होती.

“जिंकले मी,” मावशी म्हणाल्या, “पण भट्टी न पेटवताच पाव हातात यावा तसं वाटतंय.” आणि त्यांनी पिपाणीचा गालगुच्चा असा घेतला की पीठ लागलं.

वेणीवाली म्हणाली, “आम्ही आपली गंमत केली होती गं. हरलीस ना आमच्यामुळे!”

“दप्तरं तर वाचली!” पिपाणी म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ती हसतही होती. दोन्ही एकदम कसं जमतं, ते माणसांनाच ठाऊक.

पण कुणीच तिच्याकडे बघत नव्हतं. सगळे खिडकीकडे बघत होते. ज्याने तीन लागतात तिथे एक मोजलं होतं, त्याच्याकडे. तोफवाला रिकाम्या बरणीकडे बघत होता.

“जुना निकाल उघडायचा नाही,” पंचकाका मोठ्याने म्हणाले. “पाटीवर लिहिलंय. तेव्हा नियम गप्प होता, आणि मीही गप्प होतो. मी विचारलं असतं, तर माझाच फायदा होता.”

तोफवाल्याने कप खाली ठेवला. माझा जीव चाकांत आला. मी बावीस वर्षं पोटात ठेवलेलं आता तो ठेवणार की सांगणार?

“विचारायचा हक्क माझा होता,” तो म्हणाला. “आणि मला सुचलंही होतं, पोस्टमनराव. क्षणभर. मग मी तो क्षण पुढे ढकलला. आणि पुन्हा खेळायला बसायची हिंमत झाली नाही.”

पंचकाका उठले, टेबलाला वळसा घालून त्याच्यापाशी गेले. कोपऱ्यावरून, अगदी वळून. “मला वाटायचं, तुला जिंकल्याचा माज आलाय,” ते म्हणाले. “म्हणून खेळत नाहीस.”

“माज कसला! भीती होती.”

दोघं हसले, आणि खोलीने बावीस वर्षं कोंडलेला श्वास सोडला. निदान मी तरी सोडला.

मित्रांनो, झाडांत उभं राहून हरलेली तोफ सुखी असते का, असं मला विचाराल तर सांगेन, असते. टेकडीवर उभं असताना मला जे टोचत होतं, ते इथे टोचत नव्हतं. आता माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात एखादी जुनी सोंगटी, मोडकं खेळणं, बंद पडलेलं यंत्र काचेमागे बसलं असेल, तर त्याला बाहेर काढा. धूळ पुसा, चाक घट्ट करा आणि खेळायला घ्या. आम्हाला मखरापेक्षा माणसाचा हात बरा वाटतो. आणि एखादा नियम गप्प असेल, आणि तो गप्प राहण्यात तुमचाच फायदा असेल, तर बोटं थांबतील. थांबलीच पाहिजेत. तेव्हा तोंडही उघडा.

हां, तर चाक. त्या धामधुमीत माझं दोन भोकांचं चाक निखळलं. पिपाणीने मला खिशात घातलं आणि बापलेक थेट शिंप्याच्या दुकानात आले. ते दुकान आता तिच्या आईचं आहे. आईने चष्मा डोक्यावरून नाकावर घेतला, मला दिव्याखाली धरलं आणि बटणातून दोरा ओवायला लागली. पिपाणीने सगळी हकिगत एका दमात सांगितली.

“झालं का?” आई दोरा दाताने तोडत म्हणाली. “हेच मी लग्नाच्या आधी विचारलं होतं यांना. इथे, याच काउंटरवर. पट काढून चाल समजावत होते. मी म्हटलं, अहो, ही झाडांतून गेली कशी?”

“आणि बाबा काय म्हणाले?”

“म्हणाले, तुला खेळातलं काय कळतं.”

तोफवाल्याने खाली बघितलं. “चूक झाली,” तो म्हणाला. “दोन्ही वेळा.”

“दुसरी जास्त मोठी,” आई म्हणाली, पण हसत होती. तिने मला काउंटरवर ठेवून बोटाने ढकललं. मी चालले! डावीकडे किंचित कलून, अगदी पहिल्यासारखी.

पिपाणी मध्ये येऊन उभी राहिली, कमरेवर हात ठेवून. एके काळी हीच मुलगी जाकिटामागे लपायची, हे सांगून कुणाला खरं वाटणार नाही.

“आई, बाबा, ऐका. मी ठरवलंय, आणि पंचकाकांना विचारून आलेय. ही बरणीत परत जाणार नाही. पुढच्या रविवारी बाबा आणि पंचकाका तो बावीस वर्षांपूर्वीचा डाव पुन्हा मांडणार, तोफ झाडांच्या अलीकडे ठेवून. पंच मी. आणि आई, तू दुकान बंद करून माझ्या शेजारच्या खुर्चीत बसायचं. तुला काही विचारावंसं वाटलं, तर पाटीकडे बघायचं नाही. सरळ विचारायचं.”